ओटीची मरळ

सिंधुबाईला भांडखोर म्हणणारी माणसं सावरखडीत पुष्कळ आहेत. त्यांतली निम्मी पोटात होती तेव्हा त्यांच्या आया सिंधुबाईच्या हातची मरळ खात होत्या, पण गुण विसरायला आपल्या लोकांना वेळ लागत नाही. मी या गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले, इथेच निवृत्त झाले आणि भोईवाड्याला लागून घर बांधून राहिले. सिंधुबाई माझी भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही, आणि ते शांतपणे सांगणं मला जमणारही नाही.

सावरखडी माजलगावच्या वरच्या अंगाला, एका लहान धरणाच्या काठावर आहे. धरण झालं तेव्हा शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि गोदाकाठची भोई कुटुंबं पोटामागं इथं आली. त्यांनी मच्छीमारांची सहकारी संस्था काढली. सिंधुबाईचा सासरा म्हाळू संस्थेचा पहिला चेअरमन. नदीकाठचा एक जुना रिवाज त्यानं संस्थेतही चालू ठेवला. दिवसभराच्या मासळीत जी सगळ्यांत मोठी मरळ असेल ती विकायला काट्यावर चढवायची नाही. गावात जी बाई गरोदर असेल तिच्या पदरात ती हळदकुंकू लावून घालायची. तिला म्हणायचं ओटीची मरळ. बाईनं पदर पसरायचा आणि नाही म्हणायचं नाही. आलेली ओटी परतवली तर पोटातल्या जिवाला बाधतं, अशी समजूत.

सासू गेल्यावर हे काम सिंधुबाईकडं आलं. तिनं ते कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा नेमानं केलं. कोणत्या घरात कोणाला दिवस गेलेत हे तिला नवऱ्याच्या आधी कळायचं, असं बाया हसून म्हणायच्या. भोयांच्या घरी जाई, बौद्धवाड्यात जाई, पाटलांच्या घरी मागच्या दारानं जाई, कारण तिथं पुरुषांना मासे चालत नव्हते आणि बायांना चालत होते. माझ्या धाकट्याच्या वेळी तिनं माझ्याही पदरात मरळ घातली. मी माळकऱ्याच्या घरातली, मासा कसा धरतात तेही ठाऊक नव्हतं. रस्सा तिनंच केला आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली.

पुढं संस्थेवर अर्जुनराव आले. अर्जुनराव म्हणजे चाळीस एकर ऊस, दारात जीप आणि साखर कारखान्यात वट. या माणसानं आयुष्यात एकदाच जाळं टाकलं, ते संस्थेच्या मतदारयादीवर. भावकीतली, गड्यांची, मेव्हण्यांची नावं सभासद म्हणून घुसवली आणि चेअरमन झाले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. त्यांच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून ओटीची मरळ सलत होती. मोठ्या मरळीला शहरात मागणी, आणि ती फुकट बायांच्या पदरात जायची.

एकदा वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला की यापुढं प्रत्येक मासा तोलला जाईल. सिंधुबाई उठली, पुढं गेली आणि लोखंडी काट्याच्या तबकावर मांडी घालून बसली.

"मरळ तोलायची आसंल तर आदी मला तोला," ती म्हणाली. "म्या उतरंस्तोवर काटा काय रिकामा व्हणार न्हाई."

"सिंधुबाई, संस्था भावनेवर चालत न्हाई," अर्जुनराव म्हणाले.

"मग कशावर चालती? तुमच्या मेव्हण्यावर?"

सभा हसली आणि ठराव बारगळला. त्यानंतर कितीदा तरी त्यांनी तो विषय काढला आणि दर वेळी सिंधुबाईनं तो हाणून पाडला. तिच्या आयुष्यातली ही एकच मोठी लढाई होती आणि ती तिनं जिंकली होती.

मग दुष्काळ आला. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही गेला. आमच्याकडं दुष्काळ आला की काही जणांची सुगी सुरू होते. अर्जुनरावांनी जनावरांची छावणी घेतली, टँकर घेतले, आणि त्यांचा ऊस मात्र हिरवागार राहिला, कारण धरणाच्या खोल डोहात रात्रंदिवस त्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी बसलेल्या होत्या. धरण आटत आटत चिखलाच्या मैदानात मधोमध एक डोह एवढंच उरलं. सगळी मासळी त्या डोहात गोळा झाली. वर्षानुवर्षं जाळ्यांना चकवून तळाशी राहिलेल्या, हातभर लांबीच्या म्हाताऱ्या मरळी वर यायला लागल्या. शेतकरी आभाळाकडं बघत होते तेव्हा भोयांच्या जाळ्यांत कधी न पाहिलेले मासे येत होते.

त्याच दिवसांत सिंधुबाईची सून सरस्वती गरोदर राहिली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दवाखाने झालेले, नवससायास झालेले. सिंधुबाईचा मुलगा बंकट मुलखाचा अबोल, पण तोही वाड्यात पेढे वाटत फिरला. त्या उन्हाळ्यात वस्तीत गरोदर बाया थोड्याच होत्या. बाकीच्या मुकादमांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या. त्यामुळं ओटीच्या मरळी सरस्वतीच्याच वाट्याला जास्त आल्या. ती कधी कंटाळायची. "आत्याबाई, आज नगं, वास येतोय," म्हणायची. सिंधुबाई घास हातात घेऊन बसायची. "लेकराला लागतंय गं. तुला न्हाई चारत, त्येला चारते." भाजी बाजारात दिसत नव्हती, दूध छावणीतल्या जनावरांच्या अंगात नव्हतं. घरात पोटभर आणि कसदार होतं ते तेवढंच.

असं चाललेलं असताना शहरातल्या एका संशोधन संस्थेची माणसं गावात आली. सोबत एक तरुण डॉक्टरीणबाई. आटलेल्या धरणांतल्या माशांत काय काय साठतं याचा त्यांना अभ्यास करायचा होता. त्यांनी मासे घेतले, चिखल घेतला, आणि मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल होण्याच्या वयातल्या बायांचे थोडे केस हवेत. मानेमागची बारीक बट, मुळापासून कापलेली.

वाड्यात खळबळ उडाली. सवाष्णीचे केस कापायचे म्हणजे काय? म्हातारी दगडाबाई तर काठी आपटत आली. "बाईच्या जातीनं आपला केस परक्याच्या हातात देऊ न्हाई. उद्या कुणी काय केलं तर कुणाच्या नावानं रडायचं?"

बायांना तयार केलं सिंधुबाईनं. आधी तिनं स्वतःचा अंबाडा सोडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मावशी, तुमचं वय बसत नाही. "म्हंजी म्हातारीच्या केसात काय घुसत न्हाई व्हय?" तिनं विचारलं आणि मग सरस्वतीला पुढं केलं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर शब्द दिला की मी परत येईन आणि प्रत्येकीला तिच्या केसांत काय निघालं ते सांगेन. त्या शब्दावर बायांनी माना पुढं केल्या. मी तिथं होते.

त्या परत आल्या, हे खरं. पण संस्थेच्या कार्यालयाच्या दारात त्यांना अर्जुनराव भेटले. आत पंख्याखाली खुर्च्या, सीलबंद पाण्याच्या बाटल्या, काजूची बशी. बाया बाहेर लिंबाखाली बसलेल्या, ऊन सरकेल तशा सरकत. मला आत बोलावलं ते इंग्रजी शब्द आले तर अर्थ सांगायला. ज्यांच्या मानेवरचे केस होते त्यांना आत बोलावणं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोळसा जळतो त्याच्या धुरात पारा असतो. तो हवेतून दूरवर जातो, पावसाबरोबर खाली येतो, पाण्याच्या तळाशी चिखलात बसतो आणि तिथं त्याचं विष होतं. ते किड्यांत जातं, किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्यांत. मरळ दुसरे मासे खाऊनच वाढते. ती जितकी मोठी आणि जितकी म्हातारी, तितका पारा जास्त. धुतल्यानं जात नाही, शिजवल्यानं जात नाही. खाणाऱ्या मोठ्या माणसाला फारसं कळत नाही, पण गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत तो पोचतो. बाळ ऐकायला, बोलायला, चालायला मागं पडू शकतं. सावरखडीतल्या बायांत प्रमाण जास्त होतं आणि सगळ्यांत जास्त सरस्वतीच्या केसांत होतं.

"मासे सोडायला सांगू नका," त्या म्हणाल्या. "बारीक मासळी चांगली असते, ती खाऊ द्या. मोठी मरळ तेवढी बंद करा."

मी विचारलं, हा पारा आला कुठून? त्या म्हणाल्या, ते शोधणं आमच्या प्रकल्पात बसत नाही. म्हणजे बघा. बाईच्या मानेवरचा केस प्रकल्पात बसतो, तिच्या ताटातला मासा बसतो, तिची कूस बसते. धूर कोणाचा ते मात्र बसत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी मुलांना पंचवीस वर्षं शिकवली, तिचा अर्थ मला त्या खोलीत समजला.

मी म्हटलं, बाया बाहेर थांबल्यात, त्यांना तुमच्या तोंडानं सांगा. अर्जुनराव मधे पडले. "मॅडम, त्या अडाणी बाया, उगं घाबरतील. आमी सांगतो आमच्या भाषेत." डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं. त्यांना गेवराईच्या बाजूला अजून एका गावात पोचायचं होतं. बाई वाईट नव्हत्या. त्यांची गाडी लिंबाजवळून गेली तेव्हा त्यांनी काच खाली करून सगळ्यांना नमस्कारही केला.

मग अर्जुनरावांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. "बायांनो, किरकोळ हाय. मोठ्या मरळीत थोडा दोष निघालाय. ती खायाची बंद करा, झालं. मी कवापासून सांगतोय हा रिवाज मोडा म्हणून, सिंधुबाईनं ऐकलं न्हाई. आन् एक ध्यानात ठिवा, भाईर बोंब मारायची न्हाई. गिऱ्हाईक तुटलं तर संस्था बुडंल, आन् मग दुष्काळात काय खाताल?"

दुसऱ्या दिवसापासून मोठ्या मरळी काट्यावर चढल्या, बर्फाच्या पेटीत बसल्या आणि मासळी उचलणाऱ्या ठेकेदाराच्या गाडीतून शहराकडं जायला लागल्या. इतकी वर्षं जे काट्यावर बसलेल्या एका बाईमुळं साधलं नव्हतं ते त्या माणसानं विषाच्या नावाखाली साधून घेतलं. बायांना बाधणारा मासा विकायला मात्र बाधत नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आजही होतो.

संध्याकाळी सिंधुबाई माझ्या ओट्यावर आली. मी आत ऐकलेलं सगळं तिला सांगितलं, काही लपवलं नाही. ती पाऱ्यावर अडली.

"ते चमकतं ते? तापाच्या नळीतलं? आमाला माशात कवा दिसलं न्हाई."

"दिसत नाही ते."

"सरस्वतीच्या केसात?"

"सगळ्यांत जास्त."

"म्हंजी लेकराला व्हणार?"

"होऊ शकतं. होईलच असं नाही, असं त्या म्हणाल्या."

"तुमी म्हणताव धोक्याचं हाय. अर्जुनराव म्हणत्यात किरकोळ हाय. तुमी दोगं बी शिकल्याली. म्या कुणाचं खरं धरू, बाई?" मग हलक्या आवाजात म्हणाली, "ती नगं म्हणत व्हती. म्याच चारलं."

मी तिला म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं का, मग तुझा काय दोष? पण असल्या बोलण्यानं कोणाचं समाधान झालंय? त्या दिवसापासून ती अस्वस्थ झाली. सरस्वतीच्या पोटावर हात ठेवून बसायची. लेकरू हललं की हसायची आणि लगेच तोंड फिरवायची. आरोग्य केंद्रात सुनेला घेऊन गेली, तिथल्या डॉक्टरांनी ठोके ऐकले आणि सगळं ठीक आहे म्हणाले. पाऱ्याचं विचारलं तर म्हणाले, आमच्याकडं त्याची तपासणी होत नाही. मग ती संस्थेच्या कार्यालयात गेली आणि सगळ्यांदेखत अर्जुनरावांना विचारलं, "आमच्या सुनांला बाधतंय ते शेरातल्या सुनांला कावून बाधत न्हाई? तितं बाया गरवार ऱ्हात न्हाईत का?"

"किरकोळ हाय म्हणलं ना," ते म्हणाले. "तुला किती डाव सांगायचं?"

बंकटनं तिला दंडाला धरून घरी आणलं. भोयांची पोरंसुद्धा तिच्यावर चिडलेली. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, म्हणत होती. त्यांचंही खोटं नव्हतं. त्या उन्हाळ्यात संस्थेशिवाय चूल पेटत नव्हती. बायकांच्या पोटाची काळजी करायची की सगळ्यांच्या, असा पेच अर्जुनरावांनी घालून ठेवला होता आणि स्वतः बाजूला उभे राहिले होते.

त्यानंतर सिंधुबाई गप्प झाली. बंकटला बरं वाटलं. मला वाटलं, दमली.

वैशाखात अर्जुनरावांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या डोहाळजेवणाचं आमंत्रण साऱ्या गावाला गेलं. त्या दिवशी सकाळी डोहावर एक मरळ निघाली, बंकटच्या दंडाएवढी जाड. काट्याजवळ ठेवली होती. सिंधुबाईनं काही न बोलता ती उचलली, पाटीत घातली, वर हळदकुंकू वाहिलं आणि अर्जुनरावांच्या घराकडं चालू लागली. मागं बंकट, त्याच्या मागं निम्मा भोईवाडा, आणि मी. अर्जुनराव ओसरीवर ठेकेदाराबरोबर चहा घेत होते.

"काय गं हे?"

"वटीची मरळ. लेक आलीय तुमची. रिवाज हाय, जातपात बगत न्हाई."

आतून अर्जुनरावांच्या पत्नी विमलबाई आल्या, मागून लेक, हातात हिरवा चुडा. विमलबाईंना यातलं काही ठाऊक नसावं. मासळीचं बोलणं त्या घरात बायांच्या कानावर जात नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. "आगं सिंधू, आठवण ठिवलीस. हिच्या येळंला म्या बी खाल्ली व्हती तुज्याच हातची. बाळ, पदर पसर." लेकीनं हसत पदर पसरला.

"थांब," अर्जुनराव म्हणाले. "पदर आवर."

"आवं, वटी परतवू न्हाई," विमलबाई म्हणाल्या. "लेकराला बाधतंय."

"न्हाई म्हणलं ना. हात लावू नगं त्येला. तिला आत ने आदी." आवाज चढला होता.

पोरीनं पदर आवरला. दोघी आत गेल्या. ठेकेदार जमिनीकडं बघत होता. ओसरीखाली उभ्या असलेल्या भोयांना जे कळायचं ते कळलं होतं. बंकटचा चेहरा पांढराफटक पडला. अर्जुनराव त्याला म्हणाले, "बंकट, ने बे ती पाटी. बर्फात टाक." बंकट जागचा हलला नाही. दुसऱ्याला सांगितलं, तोही हलला नाही. शेवटी ठेकेदाराचा ड्रायव्हर आला, हळदकुंकू पुसलं आणि मरळ घेऊन गेला. गाडी रोजच्या वेळेला शहराकडं निघाली आणि मरळ त्या गाडीत होती.

मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. वाटेत मी बोलतच होते. भर गावासमोर पकडलास, लेकीच्या बाबतीत किरकोळ कसं नाही झालं, आता तोंड वर करून बोलू दे पुन्हा, बरी जिरवलीस. सिंधुबाई रिकामी पाटी काखेत धरून चालत होती. घरी आल्यावर उंबऱ्यावर बसली. आत सरस्वती भाकरी थापत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. सिंधुबाईनं आत बघितलं, मग माझ्याकडं.

"बाई, म्या त्येंची जिरवाया गेलते न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं व्हतं, घेतील. खरंच किरकोळ आसंल तर लेकीला घेतील, म्हणलं. घेतली आसती तर लई बरं झालं आसतं."